शंभू बोलत नाही

२८ सप्टेंबर

आज पुण्याहून फोन आला आणि मी गिऱ्हाइकाच्या देखत चादरींच्या गठ्ठ्यावर मटकन बसलो. ‘धीर’चं पुस्तक निघणार! इंटरनेटवर मी एकेक करून टाकलेली नऊ प्रकरणं संपादक बाईंनी एका बैठकीत वाचली म्हणे. दहावं, शेवटचं प्रकरण डिसेंबरअखेर द्यायचं, की उन्हाळ्याच्या आत पुस्तक बाजारात. “मल्लिनाथ, तुमचा शंभू मुलींना वेड लावणार आहे,” असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मुद्दाम जसंच्या तसं लिहून ठेवतोय. ही दैनंदिनीही त्यासाठीच सुरू केली आहे. उद्या माणूस मोठा झाला की लोक विचारतात, तेव्हा तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

अप्पांना सांगितलं. “कार्टूनचं पुस्तक व्हय? बरं. ती वरची हिरवी डबलबेड काढ, गिऱ्हाईक खोळंबलंय.” आईनं, आमच्या अव्वानं, मात्र हातावर साखर ठेवली.

कार्टून नव्हे, मंगा. जपानी धाटणीची चित्रकथा, त्यातही प्रेमाची. डोळे मोठे, बोलणं थोडं, एका नजरेला अख्खं पान. माझा शंभू नववीत असल्यापासून गौरीवर जीव लावून आहे. ती शिकते, नोकरीला लागते, गाव सोडते, परत येते. हा सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी तिची वाट बघत उभा. एकदाही बोलत नाही आणि एकदाही ढळत नाही. वाचणाऱ्यांना तेच आवडतं.

गौरी म्हणजे पूनम. हे मला सोडून जगात कुणाला ठाऊक नाही, पूनमलाही नाही. आणि गंमत अशी की बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं तीच लिहिते. संगणकावरचा टाइप फुग्यात मेल्यासारखा दिसतो, म्हणून पहिल्या प्रकरणापासून मी तिच्या मागे लागलो. ती शाळेत चित्रकला शिकवते, हात वळणदार आहे. नववीत ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तेव्हापासून मला दुसरं कुणी दिसलेलं नाही. लिहून टाकलं एकदाचं.

ठरवलंय असं: पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘पूनमला’ एवढंच छापायचं आणि पहिली प्रत तिच्या हातात ठेवायची. सगळं आपोआप समजेल. आत्ता तोंडानं सांगायचं तर आम्ही लिंगायत, ती कुंभाराची, अप्पांचा स्वभाव, चाटी गल्लीतलं आमचं दुकान, चार लोक. पुस्तक आलं की गोष्ट वेगळी. छापलेल्यापुढे कोण काय बोलणार?

३ ऑक्टोबर

घटस्थापना. कुंभार वेशीत पाय ठेवायला जागा नव्हती. पूनमच्या दारात घटांच्या उतरंडी, तिचे आईवडील, धनाजीकाका आणि फुलाकाकू, गिऱ्हाइकांत बुडालेले. पूनम आत ओसरीवर माझी पानं मांडून बसली होती. मी पेन्सिलीनं संवाद लिहून देतो, ती त्यावर ब्रशपेन फिरवते. मंगा उभ्या फुग्यांचा आणि आपली लिपी आडवी, त्यामुळे वेलांट्या आणि मात्रा फुग्याला आतून ढोसत राहतात. त्यावरून आमचं रोजचं भांडण.

आज मात्र ती वेलांटीवर थांबली नाही.

“ह्या शंभूला तोंड हाय का न्हाय रे?”

“आहे की. पण तो बोलत नाही.”

“का?”

“प्रेम आहे म्हणून.”

“प्रेम झाल्यावर घसा बसतोय व्हय?”

मी तिला समजावून सांगितलं, की शंभूनं बोलून टाकलं तर गोष्ट तिथंच संपते. न बोलण्यातच त्याचा मोठेपणा आहे. ती म्हणाली, “आणि गौरीचं काय? ती बिचारी किती दिवस त्या तळ्याकाठनं ये-जा करंल? मी गौरी असते तर...” इतक्यात कुणीतरी मोठा घट मागायला आलं आणि ती उठली. परत आल्यावर मी विचारलं, “तू गौरी असतीस तर काय?” तर म्हणाली, “काय न्हाय. घट दिला असता.”

पूनमला अक्षराचं अंग आहे, कथेच्या रचनेचं नाही.

७ ऑक्टोबर

करकंबच्या एका वाचक मुलीनं नवव्या प्रकरणाखाली लिहिलंय: “असं प्रेम करणारा खरंच कुणी असतो का?” मी दिवसभर ते उघडून बघतोय. ताई, असतो. चाटी गल्लीत टॉवेल मोजत बसलेला असतो.

२० ऑक्टोबर

आज पूनमनं एक झकास कल्पना दिली. मागे मी तिला नावं ठेवली, ती परत घेतो.

ती पणत्या रंगवत होती. दिवाळी तोंडावर आली आहे. मान खाली घालूनच म्हणाली, “मल्ल्या, समज, गौरीला बघायला पावणे येणार असले, तर तुझा शंभू काय करंल?”

मी उडालोच. दहाव्या प्रकरणाचा पेच सुटला! मी म्हटलं, “शंभू त्या दिवशी तिच्या घरी जाईल. पाहुण्यांसाठी सतरंजी घालेल. पाणी भरेल. आणि मनातलं चेहऱ्यावर अजिबात दिसू देणार नाही.”

तिनं मान वर करून ब्रश खाली ठेवला. मग म्हणाली, “खरंच असं करंल?”

“शंभर टक्के.”

“आणि गौरीनं काय समजायचं?”

“तिला आतून कळेल.”

ती पणतीकडे वळली आणि जरा जास्तच रंग लावला तिनं. त्या पणतीचा ओघळ पुसावा लागला.

३ नोव्हेंबर

पाडवा झाला. दुकान दोन दिवस बंद होतं. पूनम उरलेल्या पणत्यांची पिशवी द्यायला आली, अव्वाशी बोलत स्वयंपाकघरात बसली. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाल्ली. जाताना चप्पल घालायला वाकली, तेव्हा तिच्या बोटांना ओल्या मातीचा वास येत होता. कितीही साबण लावला तरी तो जात नाही, असं ती तक्रारीनं सांगते. तो कधीच जाऊ नये असं मला वाटतं. ती गेल्यावर मी उगाच दारात उभा राहिलो. गल्लीच्या तोंडापर्यंत तिची पाठ दिसते आणि मग भांड्यांच्या दुकानाशी ती वळते. वळल्यावरही मी थोडा वेळ तिथंच होतो.

मला तिच्याबरोबर म्हातारं व्हायचंय. एवढं साधं आहे. पण हे सांगायला गेलं की मी वेलांट्यांवर बोलायला लागतो. पुस्तक लवकर यावं.

१५ नोव्हेंबर

धनाजीकाका दुकानात आले. “मल्लिनाथ, रविवारच्याला दोन चांगल्या चादरी मिळतील का रं? वापरून परत देतो. टेंभुर्णीचे पावणे यायचे हायती, पूनमला बघायला.”

म्हणजे ती गोष्टीसाठी बोलत नव्हती.

मी चादरी काढून दिल्या. काकांना म्हटलं, मीच घेऊन येतो, तुम्ही कशाला वाहताय. काका म्हणाले, “लई गुणाचा हाईस.” अप्पा गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते.

ते गेल्यावर पुढचा अर्धा दिवस मी काय विकलं ते आठवत नाही. संध्याकाळी विचार केला: शंभूच्या नावानं मी जे बोललो, ते आता मला करून दाखवायचंय. नुसत्या चित्रात ढळायचं नाही म्हणणं सोपं आहे. तिनं विचारलं तेव्हा मी शंभर टक्के म्हणालो होतो. तिला दाखवून देईन.

१७ नोव्हेंबर

दुकानातल्या सगळ्यात भारी चादरी नेल्या, मोराच्या. स्वतःच्या हातानं अंथरल्या, कडा ताणल्या, सुरकुती राहू दिली नाही. पाणी भरलं. शेजारून खुर्च्या आणल्या. पूनम स्वयंपाकघराच्या दारात आली, साडीत, आणि तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मला वाटलं चादर उलटी पडली. पण सुलटच होती.

मुलाचं नाव कुमार. टेंभुर्णीला हायवेवर त्याचं पार्सल-ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. अंगानं भरलेला, हसरा, आल्या आल्या मोराच्या मानेवर बसला. त्याच्यात काही खोट सापडते का म्हणून मी पोहे वाढताना बारकाईनं बघत होतो. पोह्यांत त्यानं आणखी लिंबू मागितलं, एवढंच.

माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फुलाकाकूही म्हणाल्या, “मल्लिनाथला बघा, सख्ख्या भावासारखा राबला.” ते ऐकून मी चादरी न घेताच निघून आलो.

१८ नोव्हेंबर

पूनम चादरी परत द्यायला आली. घडी घालून, इस्त्री केल्यासारख्या.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय म्हणाला मुलगा?”

“आमाला दोगांना बोलायला बसवलं. बसल्या बसल्या म्हणाला, ‘मला तुमी आवडला. तुमाला मी आवडलो का, ते सावकाश सांगा, घाई न्हाय.’”

“लगेच? पहिल्याच भेटीत?”

“व्हय की.”

मी म्हटलं, ह्याला काही रंगत नाही. एवढी मोठी गोष्ट माणूस अशी पार्सल टाकल्यासारखी टाकतो का? पूनम हसली नाही. “मला बरं वाटलं,” एवढंच म्हणाली. मग चादरीची कड सारखी करत, “तुला कसं वाटलं काल?”

“चांगला आहे मुलगा,” मी म्हणालो. न्यायानं बोललो. ती “बरं” म्हणून गेली. भांड्यांच्या दुकानाशी वळण्याआधी तिनं एकदा मागं बघितलं, मी हात हलवला.

८ डिसेंबर

जत्रेचे वेध लागलेत. जानेवारीत नंदीध्वज निघणार, म्हणून रस्त्यात सराव चालू आहे. आमच्या मामांची पोरं तो भला उंच दांडा कमरेच्या पट्ट्यात पेलत, तोल सांभाळत चालत होती. पूनम शाळेतून येताना भेटली आणि आम्ही कडेला उभे राहून बघत बसलो. उसाच्या रसाचे ग्लास हातात होते. तिच्या शेजारी उभं राहायला मिळतं, एवढ्यासाठी मी वर्षभर सराव बघेन.

मी म्हटलं, शेवटचं प्रकरण मी अक्षतेच्या दिवशी घडवणार. आपल्या गावासारखी प्रेमकथा कुठल्या गावाला आहे? कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांवर मन जडवलं, ते योगी, लग्न शक्य नव्हतं, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. आणि अजून सगळं गाव दर संक्रांतीला त्या लग्नाच्या अक्षता टाकतं. न ढळणारं प्रेम म्हणजे हेच. शंभू त्याच जातकुळीचा आहे.

“तुझा शंभू कुटला तिच्या जातकुळीचा?” पूनम एकदम तापली. “ती आमच्यातली पोरगी व्हती, मला सांगतोस व्हय? ती रोज त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी घालायची, आणि एक दिवस तोंडानं म्हणाली, मला तुमच्याशी लगीन करायचंय. आणि त्यांनी बी तोंडावर सांगितलं, मला न्हाय जमायचं, माझ्या दंडाशी कर. दोगंबी बोलले की! म्हणून लगीन लागलं. गप बसले असते, तर गावानं अक्षता कशावर टाकल्या असत्या?”

तिनं उरलेला रस एका दमात संपवला. मुद्दा मात्र मला विचार करण्यासारखा वाटला. शेवटच्या पानावर गर्दीत गौरी आणि शंभू समोरासमोर येतील, असं ठरवलंय.

२२ डिसेंबर

शेवटचं पान काढलं. माझ्या हातून याहून चांगलं चित्र झालेलं नाही. पांढऱ्या बाराबंदी घातलेल्या माणसांची गर्दी, वर नंदीध्वज, मधे तो आणि ती. गौरीचं लग्न ठरलंय. शंभूच्या तोंडाशी एक फुगा. आठ दिवस त्यात काय लिहावं ते सुचत नव्हतं. लिहिलं ते सगळं खोटं, नाहीतर कुठंतरी वाचलेलं वाटत होतं. शेवटी फुगा रिकामाच ठेवून पान पूनमकडे नेलं. “तूच लिही. तुला सुचेल.”

अंगणात संक्रांतीच्या सुगडांचे ढीग लागले होते. तिनं हात धुतले, पान मांडीवर घेतलं, पेन उघडलं आणि तशीच बसली. मला वाटलं लिहील. पेन बंद करून तिनं पान माझ्याकडे सरकवलं.

“गौरीला काय ऐकायचंय ते मला ठाऊक हाय. पण ते शंभूनं म्हणायला पायजे ना रे? मीच लिहायचं आणि मीच वाचायचं व्हय?”

मी म्हटलं, “अगं, एक वाक्य तर आहे.”

“व्हय. एकच हाय.”

सुगडांच्या कामानं दमली असेल. मग म्हणाली, “टेंभुर्णीला उत्तर द्यायचंय. आई मागं लागलीय.”

“मग?”

“मग तू सांग.”

मी पानाची दुमडलेली कड सरळ केली. मी म्हणालो, “मी काय सांगणार? तुझा निर्णय आहे. मी तुझ्यावर दबाव आणणार नाही.”

ती हसली, पण मला ते हसणं आवडलं नाही. गाडीला किक मारायचंही सुचलं नाही मला, मधल्या चौकापर्यंत ढकलत आलो. मी बरोबर वागलो. शंभूही असाच वागला असता. मग मला इतकं वाईट का वाटतंय?

३० डिसेंबर

फुगाच काढून टाकला. आता शंभू नुसता गौरीकडे बघतो आणि तिच्यावर अक्षता टाकतो. पान पाठवलं. संपादक बाईंचा तासाभरात फोन. “मल्लिनाथ, ही शांतता! मी रडले हो.” पुस्तक मार्चमध्ये. अर्पणपत्रिकेत काय घालायचं ते विचारलं. ‘पूनमला,’ म्हणालो.

आता थोडेच दिवस.

५ जानेवारी

पूनमनं टेंभुर्णीला होकार दिला. ती दुकानात येऊन सांगून गेली. अप्पा समोर होते. “साखरपुडा जत्रा झाल्यावर हाय. तुमी सगळ्यांनी यायचं,” असं ती अप्पांना म्हणाली. मला म्हणाली, “ये की.”

मी “अभिनंदन” म्हणालो. मराठीत इतका कोरडा शब्द दुसरा नसेल.

६ जानेवारी

जेवण गेलं नाही. पित्त असावं.

९ जानेवारी

पित्त नाही.

गिऱ्हाईक समोर असतं, मी चादर उलगडून धरतो आणि पुढं बोलायचं विसरतो. कुंभार वेशीकडून जाणारा रस्ता टाळायचा म्हणून लांबून फिरून जातो आणि लांबून फिरल्यानंही ती आठवते. ती टेंभुर्णीला राहायला जाणार. हायवेवर जाताना एसटी थांबते तिथं. इतकी वर्षं ती माझ्यापासून दोन गल्ल्यांवर होती आणि मी तिला जपून ठेवलेल्या नोटेसारखं बाजूला ठेवत आलो, की योग्य वेळी काढू.

पुण्याहून शेवटच्या प्रकरणाची छापलेली नमुन्याची पानं आली. शेवटच्या पानावर शंभू मुठीत अक्षता घेऊन उभा आहे. चेहरा शांत. सगळ्यांना तो थोर वाटणार. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तिला सांगणार आहे मी. मार्चमध्ये नाही.

१४ जानेवारी

अक्षता झाली. क्रमानं लिहितो.

सकाळी कुंभार वेशीत गेलो, तर सगळे सुगडं विकण्यात गुंतलेले. पूनमला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात एक बाई मधे आल्या आणि मी सुगडं घेऊनच परत आलो. अव्वा म्हणाली, “आणली की घरात आधीच.”

दुपारी तळ्याकाठी गेलो. सगळं गाव पांढरंधोप. नंदीध्वज येऊन उभे राहिले होते, हलगी आणि संबळ वाजत होती, लोकांच्या मुठीत अक्षता. पूनम आईबरोबर भिंतीच्या कडेला उभी होती. मी माणसं ढकलत, शिव्या खात तिच्यापर्यंत पोचलो. फुलाकाकू पुढं सरकल्या होत्या.

“पूनम, मला तुला एक सांगायचंय.”

“आत्ता? हितं?”

“आत्ताच. मला तू आवडतेस. नववीपासून. मला तुझ्याशी लग्न करायचंय.”

मी जरा जोरातच बोललो असणार, कारण पुढच्या बाराबंदीतल्या आजोबांनी वळून बघितलं. बघू देत. वाक्य बाहेर पडलं होतं आणि जग होतं तिथंच होतं. हलगीसुद्धा थांबली नाही.

पूनमचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “ठाऊक हाय की मला.”

“ठाऊक होतं?”

“त्या गोष्टीतला एकेक शब्द माझ्या हातानं लिहिलाय मी. मला ठाऊक नसंल व्हय?”

“मग तू का नाही बोललीस?”

“मी बोलतच व्हते की रे. कवापासून. घटस्थापनेला बोलले, पणत्या रंगवताना बोलले, त्या रिकाम्या फुग्याच्या वक्ताला तर अजून काय बोलायचं राहिलं व्हतं? तू म्हणायचास, गोष्ट तितंच संपती.”

तिच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजून बोटांना चिकटल्या होत्या. मी विचारलं, “तुझ्याही मनात होतं?”

“व्हय. लई दिवस व्हतं.” हे तिनं इतक्या सरळ सांगितलं की मला आधी आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण क्षणभर मला वाटलं सगळं जमलं.

“मग टेंभुर्णीला नाही म्हण.”

“न्हाय मल्ल्या. त्यांनी मला विचारलं, मी शब्द दिला. मी तुझ्यावर रुसून दिला न्हाय. तो माणूस चांगला हाय, आणि त्याच्यासमोर बसल्यावर मला माझं नाव घेऊन कुणीतरी बोलतंय असं वाटतं. मी दमले रे. तुझ्या चित्रात उभी राहून लई दमले.”

मी म्हणालो, “मी वाट बघेन.”

“नको.” ती ओरडलीच. “ते तुला जमतंय म्हणून म्हणायलास. तेवढं एक नको करू.”

तेवढ्यात मंत्र सुरू झाले आणि सगळीकडून हात वर गेले. तांदूळ आभाळातून पडावेत तसे पडत होते, तिच्या केसांवर, माझ्या खांद्यावर. तिनं मूठ सोडली. मी पण टाकल्या. फुलाकाकूंनी मागं वळून हाक मारली, “ए पूनम, चल की, गर्दी सुटंल.” ती निघाली. पदरानं डोळे पुसले आणि आईचा हात धरला. या वेळी तिनं मागं वळून बघितलं नाही, आणि बघायचं कारणही नव्हतं.

१५ जानेवारी

सकाळी अव्वा भाकरी थापत होती. मी शेजारी जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. एकदा बोलायला लागल्यावर किती सोपं असतं ते आता कळतंय, काही उपयोग नसताना.

अव्वाचा हात थापता थापता थांबला. “दिवाळीत फुलाबाई येऊन बसली होती माझ्याजवळ. म्हणाली, तुमच्या मल्लिनाथच्या मनात काय हाय ते बघा, आमची पोरगी थांबलीय. मी तुझ्या अप्पांना विचारलं.”

“अप्पा काय म्हणाले?”

“म्हणाले, पोरगी लाखात एक हाय. जातीचं बघून घेऊ, चार दिवस लोक बोलतील, गप बसतील. पण पोरानं स्वतः म्हणू दे. आपण म्हटलं तर त्याला वाटंल, आपण त्याच्या गळ्यात बांधली.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “आम्ही वाटच बघायलो होतो रे. रोज वाटायचं, आज बोलंल.”

अव्वानं पहिली भाकरी माझ्याच ताटात वाढली, वर चटणी, वर तेल. मी खाल्ली. दुकान उघडायला गेलो तर अप्पांनी काही न विचारता माझा चहा झाकून ठेवला होता.

दुपारी पुण्याचा फोन आला. शेवटच्या प्रकरणावर सगळे खूश आहेत, दुसरा भाग काढू म्हणतात. शंभू पुढंही असाच वाट बघत राहिलेला लोकांना आवडेल. मी नाही म्हणालो. बाई म्हणाल्या, घाईनं ठरवू नका. मी त्यांना पहिल्या पानावरचं नाव काढायला सांगितलं. ती दुसऱ्याच्या घरी जाणार, तिच्या नावाचं पान माझ्या पुस्तकात कशाला?

आता दुकानात कुणी नाही. समोर गल्लीत जत्रेची माणसं चाललीत, लहान पोरं पिपाण्या वाजवतायत. मला ती हवी होती. बाकी काही नको होतं, तीच हवी होती. हे एक वाक्य होतं, आणि मी त्याच्याऐवजी एक अख्खं पुस्तक काढलं.